शाळेची योजना आणि शिक्षकांचा सहविचार

छत्तीसगढमधील भिलाई हे योजनेतून जन्मास आलेले नगर होय. १९५५ साली सोव्हिएट संघाशी करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाकाठी १० लाख टन पोलाद हे आरंभीचे लक्ष्य होते. कारखान्याबरोबर वसाहत आली, वसाहतीबरोबर शाळा आल्या, आणि छत्तीसगढी, मराठी, बंगाली, तेलुगु अशा नाना भाषा घरी बोलणारी मुले एका वर्गात येऊन बसली. पोलाद किती गाळावयाचे हे आधी ठरविता येते. मग मुलांनी किती शिकावे, हेही तसेच ठरविता येईल काय?

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत जे. पी. नाईक यांचे नाव अग्रभागी येते. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. योजना केवळ राजधानीत आखून भागत नाही. प्रत्येक शाळेने आपली साधने आणि आपले विद्यार्थी पाहून स्वतःची योजना आखली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

अशी योजना आखावयाची म्हणजे प्रथम मोजमाप आले. समजा, चौथीच्या ४० मुलांपैकी १५ मुलांची हातच्याची वजाबाकी चुकते. वर्गाच्या सरासरी गुणांत ही मुले दिसत नाहीत. परंतु वर्गशिक्षक, गणिताचे शिक्षक आणि भाषेचे शिक्षक यांनी त्या वह्या एकत्र बसून पाहिल्या, तर नऊ जणांना एकक-दशकच उमगलेले नाही आणि सहा जणांना उदाहरणाची भाषाच कळत नाही, असे आढळू शकते. दोघांचे गुण सारखेच. उपाय मात्र भिन्न. पहिल्यांच्या हाती काड्यांचे गठ्ठे द्यावे लागतील, दुसऱ्यांना उदाहरण घरच्या बोलीत सांगावे लागेल.

यानंतर ध्येय ठरते. ‘गणित सुधारावे’ हे ध्येय नव्हे, ती केवळ इच्छा होय. ‘सहा आठवड्यांत या १५ मुलांपैकी निदान १२ जणांनी दहापैकी आठ वजाबाक्या बिनचूक कराव्यात’ हे ध्येय होय. कारण ते साधले की नाही, हे पडताळता येते. कोणी काय करावयाचे, हे वाटून घ्यावे, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वह्या पाहाव्यात, आणि उपाय लागू पडला नसेल तर मुलास दोष न देता उपाय बदलावा. उरलेल्या तिघांची नावेही पुढच्या योजनेत प्रथम यावीत.

येथे एक धोका संभवतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांतील यशासाठी भिलाईचा लौकिक आहे. अशा ठिकाणी निवडक हुशार मुलांचे यश हेच शाळेचे ध्येय होऊन बसणे सोपे असते. परंतु खनिज निवडून घेण्याची जी मुभा कारखान्यास असते, ती शाळेस नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेनुसार जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरविले आहे. त्याच कायद्यात शिक्षकाच्या आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, आणि त्यांत अध्यापनाच्या तयारीचा वेळही येतो. त्यांतील एखादा तास शिक्षकांच्या सहविचारासाठी राखला गेला, तरच मागे राहिलेल्या मुलाकडे सर्वांची दृष्टी एकाच वेळी वळेल.