सकाळी धुतले, संध्याकाळी चिपचिपीत

वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. त्यात उन्हापासून बचावासाठी डोक्याला घट्ट दुपट्टा बांधला, की धुतलेले केसही दिवसभरात चिकटतात. घाम म्हणजे तेल नव्हे. पण टाळूवरचं तेल तो केसांवर पसरवतो. हे तेल केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी तयार करतात. किती करायचं, हे मुख्यतः संप्रेरकं ठरवतात, म्हणून वयात येताना ते वाढतं.

‘रोज धुतलं की तेल जास्त सुटतं’ हे घरोघरी ऐकू येतं. त्याला फारसा आधार नाही. उन्हाळ्यात एक दिवसाआड, गरज पडली तर रोजही, सौम्य शाम्पू चालतो. तो टाळूला चोळायचा. कंडिशनर मात्र फक्त टोकांना.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल, तर अंगाच्या साबणाने डोकं धुऊच नका. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून केसांवर राप बसवतं, आणि आपण त्यालाच तेल समजतो! शाम्पूचं तसं होत नाही. रिठा, शिकेकाईही चालेल, पण भुकटी नीट गाळून. डोळ्यांत गेली तर फार झोंबते.

खोबरेल सोडायची गरज नाही. न्हाण्याआधी तासभर, तेही टोकांना लावा.

कोंडा, खाज किंवा पाळीची अनियमितता सोबत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.