फ्रेगेची उभी रेघ

येना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या गोटलोब फ्रेगेने १८७९ साली ‘बेग्रिफ्सश्रिफ्ट’, म्हणजे ‘संकल्पनालिपी’, हे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले आणि आधुनिक तर्कशास्त्राचा पाया घातला, हे आता सर्वमान्य असले तरी ते मूळ लिपीत वाचणारे अभ्यासक थोडेच आहेत. कारण त्यातील सूत्रे एका ओळीत न मावता आडव्या-उभ्या रेघांच्या आधाराने पानावर खाली उतरत जातात. पाठ्यपुस्तके ती आजच्या चिन्हांत बदलून देतात. ही सोय मोलाची असली, तरी तिच्यापायी फ्रेगेच्या विचारातील काही महत्त्वाचे दुवे निसटतात.

‘पाऊस पडला तर रस्ता भिजतो’ हे विधान घेतले, तर फ्रेगे ‘रस्ता भिजतो’ हे उत्तरांग वरच्या आडव्या रेघेच्या उजव्या टोकाशी आणि ‘पाऊस पडतो’ हे पूर्वांग खालच्या रेघेच्या टोकाशी लिहून दोन्ही रेघा एका उभ्या रेघेने जोडतो. पाऊस पडला आणि रस्ता कोरडाच राहिला, एवढी एकच शक्यता या रचनेने नाकारली जाते. उरलेल्या तिन्ही शक्यता खुल्या राहतात. निषेधासाठी आडव्या रेघेखाली एक बारीक उभी रेघ येते, तर ‘सर्व’ दाखवण्यासाठी आडव्या रेघेत खळगा पाडून त्यात गॉथिक अक्षर बसवले जाते. ‘आणि’, ‘किंवा’, ‘काही’ यांना स्वतंत्र चिन्हेच नाहीत. ‘पाऊस पडला आणि रस्ता भिजला’ हे फ्रेगेच्या लिपीत ‘पाऊस पडला तर रस्ता भिजला नाही, असे नाही’ या रूपात येते. आजच्या लेखनात तेथे ‘आणि’चे चिन्ह घातले की ही घडण दिसेनाशी होते. तर्कशास्त्रज्ञ श्रोडरने या पुस्तकाच्या १८८० मधील परीक्षणात या उभ्या मांडणीची तुलना जपानी लेखनपद्धतीशी करून तिच्यावर टीका केली. त्यावर कागदाला लांबी आणि रुंदी दोन्ही असताना त्यांचा उपयोग का करू नये, हा फ्रेगेचा युक्तिवाद आजही विचारार्ह वाटतो.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र सूत्राच्या अगदी डाव्या टोकाच्या उभ्या रेघेबाबत होतो. आडवी रेघ केवळ आशय पुढे ठेवते आणि ही उभी रेघ, म्हणजे निर्णयरेघ, तो आशय खरा असल्याचा निर्णय देते, असा भेद फ्रेगेने केला. तो आवश्यकही होता, कारण जर-तर विधान करणारा माणूस पाऊस पडल्याचे प्रतिपादन करत नसतो. पुढे १८९३ च्या ‘ग्रुंडगेझेत्स’, म्हणजे ‘मूलभूत नियम’, या ग्रंथात त्याने आडव्या रेघेचाच अर्थ बदलला: तिच्यापुढे ‘सत्य’ हे मूल्य आले तर ती ‘सत्य’ दर्शवते, एरवी ‘असत्य’. म्हणून दोन ग्रंथांतील तीच रेघ एकाच अर्थाने वाचता येत नाही. रसेल आणि व्हाइटहेड यांनी या दोन रेघांचे जोडचिन्ह प्रतिपादनाचे चिन्ह म्हणून स्वीकारले. विट्गेनश्टाइनने १९२१ मध्ये निर्णयरेघ तर्कदृष्ट्या निरर्थक ठरवली. लेखक ते विधान खरे मानतो, एवढेच तिच्यातून कळते, असे त्याचे म्हणणे होते. नंतरच्या तर्कशास्त्रात मात्र त्याच आकाराचे चिन्ह डावीकडील गृहीतकांपासून उजवीकडील निष्कर्ष सिद्ध करता येतो, हा संबंध दाखवू लागले. हा नवा अर्थ फ्रेगेवर लादला, की निर्णय ही कृती आणि सिद्धता हा विधानांमधील संबंध यांतील भेदच पुसला जातो. म्हणूनच एबर्ट आणि रॉसबर्ग यांनी २०१३ मध्ये ‘ग्रुंडगेझेत्स’चा संपूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करताना शब्द भाषांतरित केले, पण रेघा मूळच्याच ठेवल्या, हा निर्णय अत्यंत योग्य म्हटला पाहिजे.