मंगळावरून आलेला मारेकरी

‘इट! द टेरर फ्रॉम बियॉन्ड स्पेस’ हा १९५८ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला, जेमतेम ६९ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट. त्या काळी तिथे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती, आणि असे जोडीचे चित्रपट थोड्या पैशांत, झटपट उरकले जात. याच्या जोडीला ‘कर्स ऑफ द फेसलेस मॅन’ होता. दोन्हींचे दिग्दर्शक एडवर्ड एल. कान आणि दोन्हींचे लेखक जेरोम बिक्सबी. वितरण युनायटेड आर्टिस्ट्सचे. रशियाचा स्पुटनिक आदल्याच वर्षी अवकाशात गेला होता, त्यामुळे रॉकेट आणि परग्रह हे विषय तिकीटबारीवर चालणारे होते.

कथा १९७३ सालची. मंगळावर गेलेल्या पहिल्या मोहिमेतला एकच माणूस जिवंत सापडतो, तो म्हणजे कर्नल कॅरुथर्स. बाकीच्या साथीदारांना एका अज्ञात प्राण्याने मारले, असे तो सांगतो. पण सापडलेल्या एका कवटीला गोळीचे भोक असते. अन्न पुरावे म्हणून त्यानेच सर्वांचा काटा काढला, असा संशय घेऊन दुसरे यान त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यासाठी पृथ्वीकडे निघते. निघण्यापूर्वी यानाचे एक दार उघडे राहिलेले असते आणि खरा मारेकरी त्यातून आत शिरतो. पुढे एकेक माणूस नाहीसा होऊ लागतो. हवा खेळवणाऱ्या नळांमध्ये सापडलेल्या प्रेतात पाण्याचा अंश उरलेला नसतो. कॅरुथर्सची सुटका होते ती अशी, दुसऱ्यांच्या मरणाने.

मारेकऱ्याचा पोशाख पॉल ब्लेझडेल यांनी बनवला. तो अंगावर चढवणारे रे ‘क्रॅश’ कॉरिगन हे जुन्या काऊबॉयपटांतले नट. गोरिलाचे सोंग घेण्यातही त्यांचा हातखंडा होता. मापे द्यायला ते गेलेच नाहीत, असे सांगतात. परिणामी मुखवटा चेहऱ्यावर नीट बसेना आणि हनुवटी त्याच्या तोंडातून बाहेर डोकावू लागली. नवा मुखवटा करण्याइतकी सवड नव्हती. तेव्हा हनुवटीच रंगवून जीभ म्हणून खपवण्यात आली.

असा रबरी प्राणी उजेडात फार वेळ दाखवला असता तर प्रेक्षागृहात हशा पिकला असता. म्हणून तो बराच काळ दिसतो तो सावलीतून, पंजातून, फुत्कारातून. इथे कमी पैशांचा चित्रपटाला चक्क फायदा झाला आहे. यानाची मांडणी तर याहून सरस. हे यान उभ्या मनोऱ्यासारखे आहे; मजल्यावर मजला, मधून शिडी आणि प्रत्येक मजल्याला एक झडप. प्राणी खालच्या मजल्यावरून झडपा फोडत वर चढतो आणि माणसे एकेक मजला सोडून देत वर सरकतात. हातबाँब, विषारी वायू, विजेचा झटका, अणुभट्टीतला किरणोत्सर्ग, बझूका हे सगळे उपाय फसतात. दरम्यान पाय मोडलेला एक जण तळमजल्यावर अडकून पडतो आणि वेल्डिंगच्या ज्योतीने त्या प्राण्याला दूर ठेवत राहतो. हा सगळा प्रसंग आजही पकड घेतो. शेवटी वर जायला मजलाच उरत नाही. यानातला प्राणवायू भराभर संपतो आहे, म्हणजे हा प्राणी प्रचंड हवा ओढतो, हे कॅरुथर्सच्या ध्यानात येते. माणसे अवकाश-पोशाख चढवतात, यानातली हवा बाहेर सोडून दिली जाते आणि प्राणी गुदमरून मरतो.

विज्ञान मात्र बेताचेच. यानात माणसे खुशाल सिगारेटी ओढतात, बंद धातूच्या खोलीत गोळ्या झाडतात आणि हातबाँब फोडतात, तरी कवचाला धक्का लागत नाही. मोहिमेत दोन स्त्रिया आहेत. पण पुरुषांना कॉफी देण्याचे काम त्यांच्याकडेच. मंगळावर कधीकाळी संस्कृती होती आणि तिचे रानटी झालेले वंशज हे प्राणी असावेत, असाही एक तर्क संवादांतून येतो. १९६५ साली मरीनर ४ या यानाने धाडलेल्या छायाचित्रांत विवरांनी भरलेला ओसाड पृष्ठभाग दिसला आणि असल्या मंगळाची सद्दी संपली.

चित्रपटाचे नाव टिकले ते १९७९च्या ‘एलियन’मुळे. रिडली स्कॉट यांच्या या चित्रपटातही परतीच्या वाटेवरचे यान, आत शिरलेला एकच प्राणी, हवेच्या नळांतला वावर, एकामागून एक बळी आणि अखेरीस बाहेरच्या निर्वात पोकळीचाच आधार. साम्य नजरेत भरणारे आहे, तरी केवळ नक्कल म्हणून त्याची वासलात लावता येणार नाही. पटकथाकार डॅन ओबॅनन यांनी अनेक जुन्या कथा-चित्रपटांतून उचलल्याचे उघडपणे मान्य केले होते. ए. ई. व्हॅन व्होट या विज्ञानकथाकाराने आपल्या कथांशी साम्य असल्याचा दावा केला आणि तो न्यायालयाबाहेर मिटवण्यात आला. शिवाय बंदिस्त जागेत परग्रहवासी मारेकऱ्याशी गाठ पडण्याची कल्पना बिक्सबींचीही पहिली नव्हे; १९५१च्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’मध्ये ती उत्तर ध्रुवाजवळच्या तळावर येऊन गेली होती. ‘एलियन’ने वेगळे केले ते प्राण्याच्या घडणीत. त्याची कल्पना एच. आर. गायगर या स्विस चित्रकाराची, आणि पोशाख घालायला बोलाजी बडेजो हा विलक्षण उंच, सडपातळ तरुण मुद्दाम शोधून आणला गेला.