ड्रायव्हरविना मोटार आणि आपल्या पोरांची भाकर

राजेहो, ड्रायव्हर नसलेली मोटार रस्त्यावर धावते म्हटले की पारावर दोन प्रश्न हमखास निघतात. एक म्हणतो, "असं कुठी होते काय?" दुसरा म्हणतो, "मंग आमच्या पोट्ट्याचं काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे तसे नाही, आणि आपला संबंध त्या दुसऱ्याशीच आहे.

बाजारातून परतताना धुरकरी बंडीत झोपी गेला तरी बैल त्याला बरोबर घरी आणतात. बैलाला वाट ठाऊक असते. पुढे माणूस दिसला तर तो आपणहून थबकतो. यंत्राला हेच सारे शिकवावे लागते. गाडीवर कॅमेरे असतात, रडार असते, किरण सोडून अंतर मोजणारे उपकरण असते. त्यांनी पाहिलेले गाडीतला संगणक तपासतो आणि ब्रेक केव्हा दाबायचा, कुठे वळायचे ते ठरवतो. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत वेमो कंपनीच्या अशा टॅक्सी लोकांकडून भाडे घेऊन धावत आहेत.

म्हणून तिकडचे लोक निर्धास्त आहेत असे समजू नका. २०२५ साली तिथल्या मोटारचालकांच्या 'एएए' या संघटनेने पाहणी केली, तेव्हा दहापैकी सहा जणांनी अशा गाडीत बसायला भीती वाटते असे सांगितले. भीतीला कारणही आहे. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोना राज्यातील टेम्पी शहरात उबर कंपनीच्या चाचणीच्या गाडीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला रात्री उडवले. तिचा जीव गेला. समोर नेमके काय आहे, हे यंत्राला वेळेत कळलेच नाही. ऑस्ट्रेलियात व्होल्वो कंपनीला वेगळाच अनुभव आला. उड्या मारणाऱ्या कांगारूचे अंतर यंत्राला धड मोजता येईना, ही गोष्ट २०१७ साली उघड झाली. आपल्याकडे कांगारू नाहीत, पण रोही आहेत, रानडुकरे आहेत, रस्त्यातच रवंथ करीत बसलेली गुरे आहेत. तेव्हा इकडे यंत्राची परीक्षा अधिकच कठीण.

नागपुरातून मिळालेले उत्तर

आपल्याकडे या गाडीला विरोध झाला तो मात्र पोटाच्या कारणाने. नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी रस्ते वाहतूक मंत्री या नात्याने जुलै २०१७ मध्येच सांगितले होते, की लोकांचा रोजगार घालवणारी गाडी देशात येऊ देणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधील कार्यक्रमातही त्यांनी तेच ठासून सांगितले. काटोलचा संत्रा असो की कळमन्याला जाणारा भाजीपाला, मालासोबत गावचा एखादा पोरगा स्टिअरिंगवर असतोच. त्याच्या घरच्यांना हे बोल गोड लागले, यात नवल नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. त्यात २५ प्रवासी गेले. माणूस थकतो, त्याला डुलकी लागते. यंत्राला झोप नाही, असे म्हणणारे चूक नाहीत.

यातून मधली वाटही निघते. नागपूरमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये 'आयरास्ते' प्रकल्प सुरू झाला. त्यात महापालिकेच्या बसगाड्यांत धोक्याची सूचना देणारी यंत्रे बसवली गेली. पुढच्या गाडीशी टक्कर होण्याची वेळ आली, कुणी पादचारी आडवा आला, की यंत्र चालकाला सावध करते. स्टिअरिंग मात्र चालकाच्याच हाती. लोकांना पटेल ते असे यंत्र, जे ड्रायव्हरचा सोबती होते.

रोजगार राहील, पण कसा?

एक गोष्ट ध्यानात घ्या. देशात २२ लाख प्रशिक्षित चालकांचा तुटवडा असल्याचे गडकरी यांनीच सांगितले आहे. म्हणजे काम आहे, पण पोरे त्याकडे वळत नाहीत. तापलेली केबिन, अपुरी झोप, महिना महिना घराबाहेर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, ते बरे झाले. पण मोटार कामगाराला दिवसाला ८ तासांचे काम, हे १९६१ च्या कायद्यानेच ठरवले होते. ते किती जणांच्या वाट्याला आले, हे कुण्याही ट्रकवाल्याला विचारा.

शिवाय यंत्र रस्त्याने आले नाही तर धुऱ्यावरून येईल. महिंद्राने २०१७ मध्येच चालकाविना चालणारा ट्रॅक्टर दाखवला. जॉन डिअरने २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत तसाच ट्रॅक्टर पुढे आणला. वावरात ना सिग्नल, ना गर्दी. तिथे यंत्राचे काम सोपे.

तेव्हा मंत्र्यांच्या शब्दावर विसंबून हातावर हात ठेवून बसू नका. गाडी चालवणाऱ्या पोराला गाडीतली वायरिंग, सेन्सर, बॅटरी दुरुस्तीचेही कसब शिकू द्या; जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत दोन विषय घ्यावेत: गावातील प्रत्येक ट्रॉलीला व बंडीला मागून चमकणाऱ्या लाल पट्ट्या, आणि रस्त्यावर मोकाट गुरे न सोडण्याचा ठराव. अंधारातली ट्रॉली माणसाला दिसत नाही, तशी यंत्राच्या कॅमेऱ्यालाही नीट दिसत नाही. स्टिअरिंगवर उद्या कुणीही असो, पट्टीचा खर्च आजच करा.