पावाचा भाव कोण ठरवतं?

डिसेंबर 2006 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात पाव महागला. प्रीमियर, टायगर ब्रँड्स आणि पायोनियर या तिन्ही बड्या कंपन्यांनी भाव जवळपास एकाच वेळी वाढवले. शिवाय त्यांच्याकडून पाव घेऊन वस्त्यांतल्या दुकानांना पुरवणाऱ्या छोट्या वितरकांची सवलतही कापली. एकीकडे परवडत नाही म्हणून दुसरीकडे जावं, तर तिथेही तोच भाव. शेवटी काही वितरकांनी स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली.

तक्रारीला अशी जागा असणं तिथे नवीन होतं. 1979 च्या जुन्या कायद्यातलं मंडळ मंत्र्यांना फक्त शिफारस करू शके. वर्णभेदी राजवटीत उद्योगांची मालकी मोजक्या हातांत गोळा झाली होती. 1994 नंतरच्या लोकशाही सरकारने 1998 मध्ये नवा कायदा केला आणि 1 सप्टेंबर 1999 पासून नव्या संस्था कामाला लागल्या. त्यांच्या रचनेत तीन पायऱ्या होत्या: आयोगाने तपास करायचा, न्यायाधिकरणाने निवाडा द्यायचा आणि अपील वेगळ्या न्यायालयाने ऐकायचं. आरोप ठेवणारा आणि निकाल देणारा एक नसावा, हा साधा नियम.

ही रचना आधी पक्की नसेल तर काय होतं, हे आपल्याकडे दिसलं. भारताचा स्पर्धा कायदा 2002 चा. निवाडा करणाऱ्या आयोगाच्या प्रमुखपदी न्यायाधीशच हवा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 2007 मध्ये दुरुस्ती होऊन अपिलासाठी वेगळं न्यायाधिकरण आलं आणि संगनमताविरुद्धचं कलम 20 मे 2009 रोजी लागू झालं. पुढे 2012 मध्ये आयोगाने सिमेंट कंपन्यांना 6,000 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. 2015 मध्ये तो आदेश रद्द झाला, कारण अंतिम सुनावणीला हजर नसलेल्या अध्यक्षांनीही त्यावर सही केली होती. 2016 मध्ये नव्याने सुनावणी घेऊन आयोगाला पुन्हा दंड करावा लागला.

आता पुन्हा पावाकडे. बंद खोलीत ठरलेल्या भावाचा पुरावा मिळवायचा कसा? आयोगाने 2004 मध्येच माफीचं धोरण आणलं होतं. संगनमतातली जी कंपनी सर्वांआधी येऊन सगळं सांगेल, तिला दंड माफ. तपास सुरू होताच प्रीमियरने तोंड उघडलं. हे संगनमत एका प्रांतापुरतं नाही, हेही त्यातून बाहेर आलं. टायगर ब्रँड्सने 2007 मध्ये सुमारे 9.9 कोटी रँड भरून तडजोड केली. पायोनियर लढली आणि 2010 मध्ये न्यायाधिकरणाने तिला 19.5 कोटी रँडहून अधिक दंड केला.

हा दंड सरकारी तिजोरीत गेला. ज्यांची सवलत कापली गेली त्या वितरकांच्या हाती त्यातलं काही आलं नाही. भरपाईसाठी एकत्रित दावा लावू द्या, म्हणून त्यांना एकेका न्यायालयाची पायरी चढावी लागली. 2013 मध्ये संविधान न्यायालयाने त्यांचं अपील मान्य केलं, तेही भरपाई देऊन नव्हे; दावा पुन्हा मांडण्याची वाट तेवढी मोकळी करून. तक्रारीला तोवर साडेसहा वर्षं झाली होती. स्पर्धा कायदा नव्याने करणाऱ्या देशांनी दंडाच्या कलमाइतकाच विचार या वितरकांचाही करायला हवा. नुकसान सोसून पहिली तक्रार घेऊन येतात ती अशीच माणसं, आणि त्यांच्या पदरी काहीच पडणार नसेल तर पुढच्या वेळी आयोगाचं दार वाजवायला कोण येणार?