मायक्रोवेव्ह घरात आला, पण अर्थिंग आहे का?

आपल्या जिल्ह्यात मायक्रोवेव्ह ओव्हन आता फक्त बंगल्यातली वस्तू राहिलेली नाही. वणीकडच्या खाण कामगारांच्या वसाहतीत, पुसद-दारव्ह्याच्या दोन खोल्यांच्या घरातही तो फ्रिजशेजारी दिसतो. कुणाच्या मुलाने पहिल्या बोनसमधून घेतलेला असतो, तर कुणी बदली होऊन जाणाऱ्या साहेबांकडून जुना, स्वस्तात घेतलेला असतो. त्याच्यासोबतचे माहितीचे पुस्तक एक तर इंग्रजीत असते किंवा केव्हाच हरवलेले असते. म्हणून भगिनींनो, या पेटीची ओळख करून घेऊ.

ही पेटी ज्याला सुचली तो पर्सी स्पेन्सर अमेरिकेतला एक पोरका मुलगा होता. घरच्या गरिबीमुळे लहानपणीच शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला. विजेचे ज्ञान त्याने काम करता करता आणि पुस्तके वाचून मिळवले. १९४५ साली रेथिऑन कंपनीत रडारच्या नळीजवळ उभा असताना त्याच्या खिशातले चॉकलेट वितळले. दुसऱ्या कुणी खिसा पुसून सोडून दिले असते. त्याने मात्र मक्याचे दाणे आणून त्या नळीसमोर धरले आणि त्यांच्या लाह्या फुटल्या! १९४७ साली निघालेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता.

आतल्या मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीतून रेडिओच्या जातीच्याच लहरी निघतात. त्या अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. पुष्कळ जणी विचारतात, "या किरणांनी कॅन्सर होतो का?" एक्स-रेसारखे हे किरण नव्हेत. बटण बंद झाले की लहरीही संपतात, अन्नात काही उरत नाही. दाराच्या काचेत बारीक छिद्रांची जाळी असते. लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची, त्यामुळे ती त्या छिद्रांतून बाहेर येऊ शकत नाही. मात्र दार वाकले असेल, बिजागरी सैल झाली असेल किंवा काच तडकली असेल, तर तो ओव्हन वापरू नये.

खरी भीती आहे ती विजेची. पेटीवर ८०० वॅट लिहिलेले असले तरी भिंतीतून ती साधारण १२०० वॅट ओढते. म्हणून तिला १६ अँपियरचा, तीन पिनांचा स्वतंत्र पॉइंट हवा. टीव्ही, पंखा आणि ओव्हन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले की वायर तापते. तिसरी पिन बसत नाही म्हणून ती कापून टाकणारे महाभागही आपल्यात आहेत! ती पिन अर्थिंगची असते. पेटीच्या पत्र्यात वीज उतरली, तर त्याच वाटेने ती जमिनीत जाते. वाट नसेल तर दार उघडणाऱ्या बाईच्या अंगातून जाते. टिनाच्या घरात तर जास्तच सांभाळावे. उघडी वायर टिनाला लागली की अख्खी भिंत शॉक देते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अर्थिंगच्या खड्ड्यातली कोळसा-मिठाची माती तेव्हा कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग असून नसल्यासारखे होते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे, आणि वर्षातून एकदा वायरमनला बोलावून मीटरने तपासून घ्यावे. जमल्यास ३० मिलिअँपियरचे ईएलसीबी बसवून घ्यावे. ओव्हनपेक्षा ते स्वस्त पडते. आमच्या मते आधी हे, मग ओव्हन.

भांड्यांचाही प्रश्न आहे. आपले स्वयंपाकघर स्टीलचे, आणि या पेटीत नेमके स्टील, जर्मन आणि चांदीचा कागद चालत नाही. ठिणग्या उडतात. साधी काच किंवा चिनीमातीचे भांडे घ्यावे, पण त्यावर सोनेरी काठ नको. आइस्क्रीमचे रिकामे डबे, कॅरीबॅग आणि वर्तमानपत्राचा कागद तर मुळीच नको. अख्खे अंडे, उकडलेले असले तरी, आत बॉम्बसारखे फुटते. बाळाचे दूध यात तापवू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि मधले दूध तोंड भाजण्याइतके गरम असते. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवणे बरे. तरीही कुणी भाजलेच, तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे थंड पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये.

आत काही पेटले तर दार उघडू नये. भिंतीवरचे बटण बंद करावे, हवा न मिळाल्याने आग विझते. वरणाचे भांडे मध्येच काढून ढवळावे, नाहीतर कडेला उकळते आणि मध्ये गार राहते. भाकरीवर पाण्याचा हात फिरवून ओल्या फडक्यात वीस सेकंद ठेवावी. त्याहून जास्त ठेवली की चामडे होते. दिवसभर उन्हाळ्यात उघडा राहिलेला भात मात्र कितीही तापवला तरी त्यातले विष मरत नाही. तो फेकूनच द्यावा.

सफाईसाठी पिन काढण्याआधी एक सोपी गोष्ट करावी. काचेच्या वाडग्यात पाणी, लिंबाच्या दोन फोडी आणि एक लाकडी चमचा टाकून तीन-चार मिनिटे चालवावे. चमचा अशासाठी की, नुसते पाणी कधीकधी न उकळता जास्त तापते आणि हात लावताच अंगावर उसळते. मग दहा मिनिटे दार बंदच ठेवावे. वाफेने तेलाचे डाग सुटतात. त्यानंतर पिन काढून मऊ फडक्याने पुसावे. तारेची घासणी लावू नये. रंग खरवडला की गंज चढतो आणि तिथेच ठिणगी पडते. आतल्या भिंतीवर अभ्रकाचा एक चौकोनी तुकडा असतो. त्यावर तेल जळून काळे झाले की ठिणग्या येतात. दुकानात तो मिळतो, मेकॅनिककडून बदलून घ्यावा. वर भरतकामाचे कव्हर आणि फुलदाणी ठेवून झरोके बुजवू नयेत. शोभा दिसते, पण पेटी गुदमरते.

दिवा लागतो, थाळी फिरते, पण अन्न गारच राहते? शेतीपंप चालू असताना व्होल्टेज पडले की असे होते. रात्री उशिरा पुन्हा करून पाहावे. तरीही तापत नसेल तर काम मेकॅनिकचे. काहीच चालत नसेल तर आधी बोर्डाचा एमसीबी पाहावा. आतला फ्यूज उडाला म्हणून तांब्याची तार बांधणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये प्राण घेण्याइतकी वीज साठून राहते. पंखा, मिक्सर घरी खोलणारे हुशार दादा असतील, त्यांनीही या पेटीचा पत्रा खोलू नये.

जुना ओव्हन घेताना दार चारदा उघडून-लावून पाहावे, आत गंज पाहावा. रिकामा चालवून पाहू नये, त्याने नळी खराब होते. चहाचा एक कप भरून पाणी, त्यात लाकडी चमचा, पूर्ण शक्तीवर दोन मिनिटे. पाणी कडकडीत झाले, तरच पैसे मोजावेत.