उपकारक जंतू जंतांच्या अळ्या मारतात काय?

कुत्र्याच्या लहान पिलाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले दिसले, की जाणता शेतकरी ‘जंत झाले’ असे म्हणतो, आणि ते बहुधा खरे असते. ह्या गोल जंताचे शास्त्रीय नाव टॉक्सोकारा कॅनिस असे आहे. पिलू आईच्या पोटात असतानाच त्याच्या अळ्या पिलाच्या शरीरात शिरतात. पुढे दुधातूनही त्या जातात. पिलाच्या विष्ठेतून जंताची असंख्य अंडी अंगणात पडतात, आणि त्याच मातीत आपली मुले खेळतात.

मातीचे हात तोंडात गेले म्हणजे ही अंडी मुलांच्या आतड्यात पोचून फुटतात. माणसाच्या शरीरात ह्या अळीचा पूर्ण जंत होत नाही. ती आतड्याची भिंत भेदून यकृत, फुप्फुसे, क्वचित मेंदू किंवा डोळा ह्यांत भटकत राहते. १९५० साली अमेरिकेत हेलेनोर वाइल्डर ह्यांना मुलांच्या काढलेल्या डोळ्यांत अशा अळ्या आढळल्या, आणि १९५२ साली पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पोटातील जंत पाडणारी औषधे आहेत. परंतु मांसात दडून बसलेल्या अळीपर्यंत औषध पोचविणे कठीण जाते. अळी आतड्यातून बाहेर पडण्यापूर्वीच तिला अडविता आले तर किती बरे, ह्या विचारातून शास्त्रज्ञांचे लक्ष उपकारक जंतूंकडे वळले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. जंत आणि जंतू हे शब्द कानाला सारखे लागतात. वस्तू मात्र अगदी भिन्न आहेत. जंत हा डोळ्यांना दिसणारा प्राणी. जंतू सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. पोटात गेल्यावर शरीराला हितकर ठरणाऱ्या जिवंत जंतूंना प्रोबायोटिक म्हणतात. काही यीस्टही त्यांत मोडतात.

आता परीक्षा कशी करतात ते पाहू. जंताच्या मादीतील अंडी काढून ती काही आठवडे ओलसर व उबदार ठेवतात. आत अळी तयार झाली, की कवच फोडून तिला बाहेर काढतात. अशा अळ्या मोजून पोषक द्रवाच्या नळ्यांत घालतात. काही नळ्यांत उपकारक जंतू मिसळतात, काही तशाच ठेवतात. ठरावीक तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणाऱ्या व निश्चल पडलेल्या अळ्या मोजतात. जंतूंविना ठेवलेल्या नळ्या हा ह्या परीक्षेचा कणा होय. त्यांतही अळ्या मेल्या असतील, तर दोष द्रवाचा. आणखी एक अडचण अशी, की हे जंतू वाढताना द्रव आंबवितात. अळी जंतूने मारली की नुसत्या आंबटपणाने मेली, हे ओळखण्यासाठी तेवढ्याच आंबट केलेल्या, पण जंतूंविना ठेवलेल्या द्रवाचीही नळी लावावी लागते. निश्चल अळी मेलेलीच असेल असेही नाही. म्हणून ती उंदराच्या अंगात घालून पुन्हा भटकते की काय, ते पाहणे श्रेयस्कर.

निकाल एका मुखाने बोलत नाहीत. अर्जेंटिनात २०१० साली एंटरोकोकस फीकॅलिस ह्या जंतूच्या एका वाणाचा अळ्यांवर मारक परिणाम झाल्याचे प्रसिद्ध झाले. उलट, दक्षिण ब्राझीलमधील २०१८ सालच्या अभ्यासात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस ह्या जंतूने नळीतील अळ्यांना कसलीही इजा केली नाही. पण तोच जंतू दिलेल्या उंदरांत अळ्यांची संख्या सुमारे ५३ टक्क्यांनी कमी भरली! नळीत जे घडले नाही ते उंदराच्या पोटात घडले. ह्याचा सरळ अर्थ असा, की तो जंतू स्वतः अळी मारीत नसावा; आतड्याचे अस्तर व शरीराची प्रतिकारशक्ती ह्यांच्यामार्फत त्याचे काम चालत असावे. माझ्या मते नळीच्या परीक्षेचे खरे मोल येथेच आहे. तिने ‘नाही’ म्हटले म्हणून उपाय निरुपयोगी ठरत नाही. शोध कोणत्या दिशेने न्यावा ते मात्र कळते.

मग घरचे दही-ताक पिलाला पाजावे काय, असा प्रश्न ग्रामसेवकांना हमखास विचारला जाईल. दही हे चांगले अन्न आहे. पण विरजणातील जंतू आणि प्रयोगातील निवडक वाण हे एकच नव्हेत. शिवाय ५३ टक्के घट म्हणजे जवळजवळ निम्म्या अळ्या शिल्लक राहिल्याच, आणि तीही उंदरांत. दह्याच्या भरवशावर औषध टाळू नये.

पिलांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे, व त्याच वेळी त्यांच्या आईलाही द्यावे. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधक नसतात; त्यांत अळी तयार होण्यास सुमारे २ ते ४ आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरल्यास अंगण बरेच सुरक्षित राहते. एकदा मातीत मिसळलेली अंडी मात्र कित्येक महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे टिकतात. मुलांच्या खेळण्याच्या वाळूच्या ढिगावर रात्री कुत्री बसू नयेत म्हणून तो झाकून ठेवावा.